वॉटर पंप बदलल्यानंतरही कूलंट गळत असेल तर: गळतीचे मूळ कसे शोधावे

नवा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप) बसवला, पट्टा चढवला, कूलंट भरले, गाडी फिरवून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनखाली पुन्हा ओला डाग दिसला, तर पहिली शंका नव्या पंपावरच जाते. शंका स्वाभाविक असली, तरी तिच्यावर विसंबून लगेच पंप उतरवू नये. पंप बदलताना केवळ पंपच हलत नाही. त्याला जोडलेले होज पाइप सुटतात, क्लिपा सरकतात, काही इंजिनांत थर्मोस्टॅटचे (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचे) हाउसिंग उघडावे लागते, रेडिएटरचा निचऱ्याचा बूच फिरवला जातो आणि वर्षानुवर्षे एकाच जागी बसून कडक झालेले रबर पहिल्यांदाच वाकते. त्यामुळे कूलंट बाहेर येऊ शकेल अशा पाच-सहा जागा एकाच दिवशी तयार होतात आणि पंप ही त्यांतली एक असते.

म्हणून या कामात एक नियम मी कटाक्षाने पाळतो: जिथून थेंब प्रत्यक्ष बाहेर पडतो ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. पुढची सगळी पद्धत या एका नियमासाठी आहे.

हात लावण्यापूर्वी

इंजिन पूर्ण थंड असावे. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. रेडिएटरच्या झाकणावर किंवा एक्सपान्शन टाकीच्या झाकणावर बहुधा ०.९ ते १.१ बार असा आकडा छापलेला असतो, आणि काही गाड्यांत तो याहून जास्तही असतो. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर १०६ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते, तर एक बार जादा दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब एका क्षणात उतरतो, त्या तापमानाचे द्रव जागच्या जागी उकळू लागते आणि चेहऱ्याच्या दिशेने उसळते. वरचा होज पाइप हाताने दाबून पाहावा. तो ताठ आणि गरम लागत असेल तर अजून थांबावे.

विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यामुळे त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. गाडीखाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेतच. आणि सांडलेले कूलंट तसेच सोडू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. लहान मुले, कुत्री आणि मांजरे यांच्या दृष्टीने ही फार धोक्याची गोष्ट आहे.

जे गळते आहे ते खरोखर गळतीचे कूलंट आहे का

एअर कंडिशनर चालवल्यानंतर गाडीखाली पडणारे स्वच्छ, वासरहित पाणी ही गळती नव्हे. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास असतो आणि त्यात हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा रंग मिसळलेला असतो. ओळखण्यासाठी वास आणि स्पर्श पुरेसे आहेत. ते जिभेला लावून पाहू नये, आणि हात नंतर साबणाने धुवावेत.

दुसरी शक्यता नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. जुना पंप काढताना त्याच्या मागून आणि होजांतून बरेच कूलंट खाली येते. ते इंजिनाच्या खाचांत, ब्रॅकेटांच्या कोपऱ्यांत, खालच्या प्लास्टिकच्या संरक्षक पत्र्यात साचून राहते आणि गाडी चालू लागली की एक-दोन दिवस थोडे थोडे ठिबकत राहते. टाकीतील पातळी खाली जात नसेल आणि डाग दिवसागणिक लहान होत असेल, तर बहुधा हेच साचलेले कूलंट असते. शिवाय टाकी वरच्या खुणेच्याही पुढे भरली गेली असेल, तर गरम झाल्यावर फुगलेले जादा द्रव ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडते. ती गळती नसते. थंड इंजिनावर पातळी दोन खुणांच्या मध्ये आणली की तो प्रकार थांबतो.

धुणे

या संपूर्ण कामातील सर्वात मोलाचा अर्धा तास हाच असतो, आणि नेमका तोच सर्वात जास्त वेळा वगळला जातो. ओल्या, मळकट इंजिनावर नवा थेंब शोधणे जवळजवळ अशक्य आहे, कारण कूलंट पट्ट्याच्या फिरण्याने उडते, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि धातूच्या कडेने वाहत जाऊन भलतीकडेच थेंब होऊन लटकते.

पंप, त्याच्या भोवतीचा भाग, होजांची टोके आणि खालचा पत्रा साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावा. आल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्या आधी प्लास्टिकने झाकाव्यात आणि जोराच्या दाबाची फवारणी टाळावी. नंतर फडक्याने पुसून, शक्य असल्यास हवा मारून सर्व भाग कोरडा करावा. खालचा संरक्षक पत्रा तपासणी संपेपर्यंत बाजूला काढून ठेवावा, कारण तो थेंब पकडून दुसऱ्याच टोकाला नेऊन सोडतो. जमिनीवर एक मोठा पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलने आखाव्यात. थेंब कोणत्या रेषेत पडला हे त्यावरून नंतर कळते.

दाब देऊन पाहणे

कूलंटच्या यंत्रणेला बाहेरून दाब देणारा हातपंप मिळतो. त्याचे टोक रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडावर झाकणाच्या जागी बसते आणि वर एक दाबमापक असतो. विकत घेणे परवडत नसेल, तर कोणाकडून एका दिवसापुरता मागून आणावा, पण ही पायरी सोडू नये. तिचा फायदा असा की इंजिन थंड, बंद आणि स्थिर असते, पट्टा फिरत नसतो, वारा नसतो. तरीही यंत्रणेत चालत्या इंजिनाइतका दाब असतो.

टाकी योग्य पातळीपर्यंत भरून हातपंप लावावा आणि झाकणावर छापलेल्या आकड्यापर्यंतच दाब न्यावा. त्यापुढे नेल्यास चांगला होज किंवा रेडिएटरची प्लास्टिकची बाजू फुटू शकते. मग पंधरा मिनिटे थांबावे. काटा जागचा हलला नाही, तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरू लागला, तर टॉर्च आणि लांब दांड्याचा लहान आरसा घेऊन शोधाला लागावे. वरून सुरुवात करावी, खालून नव्हे. ओला भाग सापडला की त्याच्या वर कोरडे आहे का हे पाहावे. वरही ओले असेल तर आणखी वर जावे. ज्या जागेच्या वरचे सारे कोरडे आहे, तीच उगमाची जागा.

हे किती फसवे असते याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका गाडीचा पंप बदलल्यावर त्याच्या खालच्या ओठावर थेंब लटकलेला पाहून मी पंप पुन्हा उतरवला, नवी पॅकिंग (सांध्यात बसणारी, गळती रोखणारी पट्टी) घातली, आणि थेंब पुन्हा तिथेच आला. तिसऱ्यांदा सगळे धुऊन दाब दिला, तेव्हा पंपाच्या वीतभर वर हीटरच्या होजाच्या टोकाशी मोहरीएवढा एक थेंब फुगताना दिसला. तो फुगला, होजाच्या पोटाखालून सरकला, पंपाच्या पाठीवरून उतरला आणि बरोबर त्या खालच्या ओठावर येऊन थांबला. क्लिप पाइपाच्या उंचवट्यावर चढून बसली होती. ती अर्धा इंच मागे घेण्याचे काम दोन मिनिटांचे होते. दोन दिवस मात्र पंपावर गेले होते.

दाबाचा पंप मिळालाच नाही, तर कोरड्या इंजिनाला झाकण लावून ते चालू करावे आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत बाजूने टॉर्च मारून पाहत राहावे. बाह्या, ओढणी, लोंबणारी दोरी पट्ट्याच्या जवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी. कूलंटमध्ये मिसळायचा अतिनील प्रकाशात चमकणारा रंगही उपयोगी पडतो, विशेषतः अतिशय मंद गळतीत: तो घालून एक-दोन दिवस गाडी चालवावी आणि अंधारात अतिनील टॉर्चने पाहावे.

थेंब कोठे दिसतो, त्यावरून काय समजावे

थेंब पंप आणि इंजिन ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) यांच्या सांध्यातून येत असेल, तर दोष बैठकीचा आहे. जुन्या कागदी पॅकिंगचा नखाच्या कापटीइतका तुकडा ब्लॉकला चिकटून राहिला, तरी पंप त्या जागी केसभर उचललेला राहतो. बहुधा हा तुकडा खालच्या बाजूला असतो, कारण तिथे नजर आणि हात दोन्ही नीट पोचत नाहीत. पॅकिंग बसवताना सरकणे, रबरी रिंग खाचेतून बाहेर येऊन चिमटली जाणे आणि बोल्ट एका बाजूने आधी पूर्ण आवळले जाणे ही इतर नेहमीची कारणे आहेत.

थेंब पंपाच्या अंगावरील लहान छिद्रातून येत असेल, तर हे छिद्र कशासाठी असते ते आधी समजून घ्यावे. पंपाच्या दांड्यावर पाण्याच्या बाजूला एक सील असते आणि पुलीच्या बाजूला बेअरिंग. सीलमधून निसटलेले द्रव बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून या दोहोंच्या मध्ये ते बाहेर सोडणारी वाट ठेवलेली असते. नवे सील पहिल्या काही मिनिटांत आपल्या जागी घासून बसते, त्या वेळी छिद्राशी थोडासा ओलावा किंवा वाळलेल्या रंगाची पुसट रेघ दिसू शकते. ती पुसून टाकावी आणि पुन्हा पाहावे. ओलावा परत आला नाही तर काळजीचे कारण नाही. थेंब सतत तयार होत राहिला, तर मात्र सील खराब आहे आणि पंप बदलण्यावाचून उपाय नाही. कूलंट न भरता इंजिन क्षणभर जरी फिरवले गेले असेल, तर कोरड्या घर्षणाने नवे सीलही खराब होऊ शकते. हे छिद्र सिलंटने (सांधे बंद करणाऱ्या लेपाने) बुजवण्याचा मोह काहींना होतो. ते कधीही करू नये: गळती तेवढ्यापुरती दिसेनाशी होते, पण द्रव बेअरिंगमध्ये जाते, बेअरिंग अडकते आणि पट्टा तुटतो.

थेंब बोल्टच्या डोक्याखालून येत असेल, तर त्या बोल्टचे छिद्र इंजिनातील पाण्याच्या पोकळीत उघडते आणि कूलंट आट्यांवरून चढून बाहेर येते. अशा बोल्टच्या आट्यांना आट्यांसाठीचाच सिलंट लावावा लागतो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर त्यांची अदलाबदल झाली आहे का हेही पाहावे. लांब बोल्ट आखूड बंद छिद्रात गेला की तो तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, पण पंपाला मात्र दाबत नाही. म्हणूनच जुना पंप काढताना पुठ्ठ्यावर पंपाचे चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

होजांच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. होज पाइपाच्या उंचवट्याच्या पुढे पुरेसा आत गेला आहे का, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आहे का, आणि पाइपाच्या तोंडावर जुना पांढरा क्षार किंवा गंज उरला आहे का. स्प्रिंगची क्लिप शक्यतो होजावरील जुन्या वळावरच परत बसवावी. स्क्रूची क्लिप प्रमाणाबाहेर आवळली तर ती रबर कापते आणि प्लास्टिकची नळी चिरडते. होज टोकाशी तडकला असेल, दगडासारखा कडक किंवा स्पंजासारखा मऊ झाला असेल, तर क्लिपवर मेहनत न घेता होजच बदलावा. इंजिन थंड असताना सकाळी थेंब पडतात आणि गरम झाल्यावर थांबतात, असे असेल तर संशय बहुधा क्लिपवरच घ्यावा, कारण थंडीत रबर आकसते आणि पकड सैल पडते.

थर्मोस्टॅटचे हाउसिंग, निचऱ्याचा बूच आणि हवा काढण्याचा स्क्रू यांच्याकडे एकदा नजर टाकली की पुरे. रेडिएटरचे झाकण मात्र काढून, त्याचे रबर फाटले किंवा चपटे झाले आहे का ते पाहावे.

पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ साधणाऱ्या, कव्हरच्या आतील पट्ट्यावर) चालणारा असेल, तर गळती कव्हरच्या आत होते आणि थेंब कव्हरच्या खालच्या कडेला दिसतो. अशा वेळी ‘थोडीशीच आहे’ म्हणून गाडी चालवत राहू नये. कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट विश्वासाचा राहत नाही, आणि तो तुटला किंवा घसरला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. गळती दुरुस्त करताना भिजलेला बेल्टही बदलावा.

पंप पुन्हा बसवावा लागला तर

दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पातीने खरवडून काढावेत. फिरती घासणारी चकती ॲल्युमिनियमवर वापरू नये. ती खड्डे पाडते आणि तिची धूळ इंजिनात जाते. खरवडताना ब्लॉकच्या तोंडात स्वच्छ फडके घालून ठेवावे आणि ते नंतर आठवणीने काढावे. शेवटी ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, बोटाचे टोक संपूर्ण कडेवरून फिरवावे. डोळ्याला न दिसणारी कड बोटाला लागते. बंद छिद्रांतील कूलंटही टिपून घ्यावे, कारण तळाशी द्रव असलेल्या छिद्रात बोल्ट आवळल्यास पान्याला खोटा घट्टपणा जाणवतो आणि ओतीव भाग तडकण्याची भीती असते.

सिलंट कोठे लावायचा आणि कोठे नाही, याबाबत फार गोंधळ असतो. रबरी रिंग असेल तर सिलंट अजिबात लावू नये. त्याने रिंग घसरते. रिंगला थोडे कूलंट किंवा सिलिकॉन ग्रीस लावणे पुरेसे आहे. साधे खनिज तेलाचे ग्रीस टाळावे, कारण कूलंटसाठी वापरले जाणारे रबर त्याने फुगते. रबराची कड असलेली धातूची पॅकिंग कोरडीच बसते. कागदी पॅकिंगला निर्मात्याने सांगितले असेल तरच अगदी पातळ थर द्यावा. जिथे पॅकिंगच नसून केवळ सिलंटवर सांधा बसतो, तिथे दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ प्रत्येक बोल्टच्या छिद्राच्या आतल्या बाजूने ओढावी आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेत पंप लावावा. जास्त सिलंट म्हणजे जास्त खात्री नव्हे: आत दाबला गेलेला जादा सिलंट तुटून रेडिएटरच्या किंवा हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. अनेक सिलंटांना पूर्ण पक्के व्हायला २४ तास लागतात. तेवढा वेळ कूलंट भरू नये. घाईने त्याच संध्याकाळी भरलेले कूलंट हे दुसऱ्या दिवशीच्या डागाचे एक अगदी नेहमीचे कारण आहे.

सर्व बोल्ट आधी हाताने फिरवून टेकवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. अचूक आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतूनच घ्यावा. तरी कल्पना यावी म्हणून सांगतो, की सहा मिलिमीटर आट्याच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच जोर अपेक्षित असतो. दहा सेंटीमीटरवर धरलेल्या पान्याला साधारण दहा किलोची ओढ, एवढाच तो जोर. संपूर्ण दंडाची ताकद लावली तर ॲल्युमिनियममधील आटे मरतात आणि काम दुपटीने वाढते. पट्टाही योग्य ताणावरच ठेवावा. अति ताणलेला पट्टा नव्या पंपाचे बेअरिंग अकाली खराब करतो.

भरणे आणि हवा काढणे

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट घ्यावे. रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असे नसते. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरावे. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून सावकाश भरावे, आणि त्यातून बुडबुड्यांविना सलग धार आली की तो बंद करावा. आत हवा राहिली तर काटा वर-खाली होतो, इंजिन गरम असूनही हीटर थंड हवा देतो आणि टाकीतून द्रव उसळते. तेही पाहणाऱ्याला गळतीच वाटते.

गळती थांबवण्याच्या पुड्या किंवा द्रव्ये या टप्प्यावर घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सांधा चुकीचा बसला असेल तर तो नीट बसवणे हाच इलाज आहे, आणि ही द्रव्ये हीटरच्या बारीक नळ्याही बंद करू शकतात.

बाहेर कोठेच ओले नाही, तरी पातळी उतरते

आधी दाबपंपाचे टोक तोंडावर नीट बसले आहे ना ते पाहावे. त्यानंतर गाडीच्या आत पायाशी गालिचा ओला आहे का, काचेवर आतून चिकट धुके धरते का, गोड वास येतो का ते पाहावे; तसे असेल तर हीटरचा कोअर (गाडीच्या आत ऊब देणारा लहान रेडिएटर) गळतो आहे. यांपैकी काहीच नसेल आणि जुना पंप बिघडल्यावर इंजिन एकदा तरी प्रमाणाबाहेर तापले असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधील पॅकिंगचा) विचार करणे भाग आहे. इंजिन तेलावर दुधाळ साय, गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा गोडसर धूर आणि टाकीत सतत येणारे बुडबुडे ही त्याची लक्षणे. ज्वलनाचा वायू ओळखणारे निळे द्रव टाकीच्या तोंडावर धरले असता पिवळे पडले, तर शंका पक्की होते. येथून पुढचे काम अनुभवी मेकॅनिककडे सोपवावे आणि तोवर गाडी चालवू नये.

गळती सापडून दुरुस्त झाली असेल, तर पुन्हा एकदा दाब देऊन पंधरा मिनिटे काटा पाहावा. मग इंजिन गरम करून पूर्ण थंड होऊ द्यावे, असे दोन-तीन वेळा करावे, आणि दर वेळी थंड इंजिनावर पातळी पाहून टाकीवर खूण करावी. पहिल्या एक-दोन वेळा उरलेली हवा निघून पातळी थोडी उतरते, तेवढे भरावे. त्यानंतर खूण जागच्या जागी राहिली आणि पुठ्ठा कोरडा राहिला, की खालचा संरक्षक पत्रा परत बसवावा. काढलेले जुने कूलंट झाकणबंद डब्यात भरून, वर नाव लिहून, गटारात किंवा मातीत न ओतता घातक द्रव स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.